करार फार, सामंजस्य थोडें

उच्च शिक्षणाची गुणवत्ता वाढली पाहिजे आणि त्यासाठीं शिक्षणसंस्थांनीं परस्परांशीं सहकार्य केलें पाहिजे, या विधानाला विरोध करणारा मनुष्य आज शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. कुलगुरूंच्या भाषणांत तें असतें, शासनाच्या परिपत्रकांत तें असतें, आणि महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावरील फलकावर तर मिळालेल्या श्रेणीच्या ठळक अक्षरांसह तें रंगविलेलेंच असतें. ज्या मतास कोणीच विरोध करीत नाहीं तें बहुधा कोणी मनावर घेतलेलेंहि नसतें. आमचें म्हणणें असें आहे कीं, गुणवत्ता आणि सहकार्य या दोन शब्दांच्या नांवानें गेलीं तीस वर्षें आपल्याकडे जें कर्मकांड चाललें आहे त्यानें गुणवत्तेस फारसा आधार मिळाला नाहीं, आणि सहकार्याची जी थोडी जुनी वहिवाट होती ती मात्र मोडली. हें म्हणणें कित्येक प्राचार्यांस व संस्थाचालकांस कडू लागेल. परंतु ज्यांचीं मुलें या महाविद्यालयांत जात आहेत त्या पालकांनीं तरी तें एकदां पुरतें ऐकून घ्यावें, एवढीच विनंति आहे.

आरंभीं ज्याचें त्याला श्रेय देऊं. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जिला लहानथोर सारे 'नॅक' म्हणतात, ती १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या विचारांतून निघून १९९४ सालीं बंगळूर येथें विद्यापीठ अनुदान आयोगाच्या छत्राखालीं स्थापन झाली. त्यापूर्वीं महाविद्यालय एकदां संलग्न झालें कीं तेथें काय चालतें हें नीट पाहणारा कोणी उरत नसे. विद्यापीठाची समिति येई, चहा-फराळ होई, आणि संलग्नता पुढें चालू राही. ग्रंथपालाच्या कमरेच्या किल्ल्यांखेरीज ग्रंथालयाचें दुसरें दर्शन विद्यार्थ्यांस घडत नाहीं, अशीं महाविद्यालयें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. नॅकच्या भीतीनें कां होईना, कपाटें उघडलीं, प्रयोगशाळांतील फुटकीं उपकरणें बदललीं, मुलींसाठीं स्वच्छतागृहें बांधलीं गेलीं. हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु भीतीनें होणाऱ्या सुधारणेस मर्यादा असते. परीक्षक काय मोजतो हें एकदां परीक्षार्थ्याच्या ध्यानांत आलें कीं तो तेवढेंच शिकतो. ही गोष्ट ज्या अध्यापकवर्गानें आपल्या विद्यार्थ्यांत रोज पाहिली, तोच अध्यापकवर्ग स्वतः परीक्षेस बसल्यावर त्याच वाटेनें गेला. २०१७ च्या सुधारित पद्धतीनें १००० गुणांची वांटणी सात निकषांत केली आणि त्यांतील मोठा भाग आंकड्यांनीं सिद्ध होणाऱ्या माहितीवर सोंपविला. हेतु असा कीं, तपासणी समितीच्या लहरीस वाव राहूं नये. झालें असें कीं, जें मोजतां येतें तें निर्माण करण्याचा कारखाना प्रत्येक महाविद्यालयांत सुरू झाला. या कारखान्याचें नांव 'अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष'. हमी हा शब्द आजवर घड्याळांच्या आणि पंख्यांच्या दुकानांत ऐकूं येई. तो विद्येच्या मंदिरांत केव्हां शिरला हें शब्दशास्त्रज्ञांनीं शोधावें. या कक्षांत महाविद्यालयांतील सर्वांत कामसू अध्यापक बसवितात, कारण आळशाच्या हातून तें काम होत नाहीं. म्हणजे वर्गास जो अधिक हवा तोच वर्गाबाहेर काढला जातो. तो वर्षभर उपस्थितिपत्रकें गोळा करतो, अहवाल जुळवितो, आणि ज्यांवर स्थळाचे अक्षांश-रेखांश उमटलेले आहेत अशीं छायाचित्रें संगणकावर चढवितो. त्याचे तास कोण घेतो? तासिका तत्त्वावर नेमलेला एखादा तरुण, ज्याला पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ठाऊक नसतें.

आतां सहकार्याकडे वळूं. या सात निकषांपैकीं संशोधनाच्या निकषाखालीं सहकार्यासहि गुण आहेत. ते कशावर मिळतात? इतर संस्थांशीं झालेल्या सामंजस्य करारांच्या आणि त्यांखालीं पार पडलेल्या कार्यक्रमांच्या संख्येवर. संख्या हवी म्हटल्यावर करार होणारच. एका जिल्ह्याच्या गांवीं दोन महाविद्यालयें आहेत. मध्यें एक रस्ता आणि एक रसवंतीगृह, एवढेंच अंतर. दोहोंमध्यें सामंजस्य करार झाला. मुद्रांकावर सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालें, वर्तमानपत्रांत चित्र आलें. वर्षभरांत त्या कराराखालीं एक व्याख्यान झालें आणि एकदां झाडें लावलीं गेलीं. त्याच वर्षीं तत्त्वज्ञान हा विषय घेतलेले विद्यार्थी एकीकडे चार होते, दुसरीकडे सहा. चौघांना शिकविणाराची जागा रिकामी होती. सहांना शिकविणारा अध्यापक उत्तम होता. त्या चौघांपैकीं एका मुलीनें 'मी रस्ता ओलांडून त्या तासाला बसूं काय?' असें विचारलें, तेव्हां दोन्ही कार्यालयांनीं तिला नियम दाखविला. करारांत तशी तरतूद नव्हती. त्याच्या एका कलमांत ज्ञानाच्या आदानप्रदानास चालना देण्याची भाषा मात्र होती. प्रस्तुत लेखकानें तें कलम डोळ्यांनीं वाचलें आहे.

जेथें आंकड्याला व श्रेणीला एवढा भाव आला तेथें बाजारहि आला तर नवल काय? २०२५ च्या फेब्रुवारींत केंद्रीय अन्वेषण विभागानें आंध्र प्रदेशांतील एका खाजगी संस्थेच्या तपासणीस गेलेल्या नॅक समितीच्या अध्यक्षासह अनेक सदस्यांस, अनुकूल श्रेणीसाठीं लांच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. आरोप सिद्ध होतो कीं नाहीं हें न्यायालय पाहील. आम्हांस खटकली ती दुसरीच गोष्ट. ही वार्ता वाचून अध्यापकांच्या खोलींत कोणी चहाचा पेला खालीं ठेवला नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें परिषदेनें श्रेणींची शिडी काढून 'प्रत्यायित' आणि 'अप्रत्यायित' एवढाच भेद ठेवण्याचें जाहीर केलें होतें. शिडी उंच असो वा बुटकी, ती कागदाचीच असेल तर तिच्यावर चढून कोणी कोठें पोंचणार नाहीं.

खरें सहकार्य कसें असतें हें पाहण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत तें कपाटांत ओळीनें उभें आहे. १९१७ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें १९१९ मध्यें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें काम अंगावर घेतलें. संस्था अवघी दोन वर्षांची, आणि काम असें कीं युरोपांतील पंडितांनींहि तें करावें म्हणून वर्षानुवर्षें नुसती चर्चा केलेली. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांचें वचन दिलें. पैसा मिळाला तरी पोथ्या काश्मीरपासून केरळापर्यंत विखुरलेल्या. शारदा, मैथिली, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांत लिहिलेल्या. १९२५ सालीं मुख्य संपादकत्व विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आलें. हें काम एका संस्थेच्या भिंतींत मावणारें नाहीं हें त्यांनीं ओळखलें. दक्षिणेंतील पोथ्या ताडून पाहण्याची व्यवस्था तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत झाली आणि बंगाली पोथ्यांची शांतिनिकेतनांत विश्वभारतीकडे. तेथील पंडितांनीं पाठभेदांचे तक्ते भरावे आणि पुण्यास धाडावे, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

पर्वांची वांटणी झाली तीहि पाहण्यासारखी आहे. ती संस्थेच्या मोठेपणावर झाली नाहीं, अधिकारावर झाली. विराटपर्व लाहोरच्या रघु वीर यांच्याकडे गेलें, उद्योगपर्व डाक्का विद्यापीठाच्या सुशीलकुमार दे यांच्याकडे, आणि सभापर्व अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. सर्वांचें एकमत होतें असेंहि नाहीं. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या थोर पंडितानें संपादनाच्या मूळ पद्धतीवरच आक्षेप घेतला, आणि सुखठणकरांनीं त्यास सविस्तर उत्तर दिलें. गुणवत्तासुधारणा म्हणतात ती हीच. समान अधिकाराचा मनुष्य आपल्या कामांतील उणें काढतो आणि आपण त्याला कामानेंच उत्तर देतों. त्यासाठीं कोणतेंहि प्रपत्र भरावें लागत नाहीं. दुसरें महायुद्ध आलें, तरी एजर्टन यांचें सभापर्व १९४४ सालीं पुरें झालें. १९४३ च्या जानेवारींत सुखठणकर वारले. त्यांच्या जागीं श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, आणि त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य. मध्यंतरीं फाळणी होऊन लाहोर आणि डाक्का परक्या देशांत गेलीं. काम चालूच राहिलें. १९६६ सालीं, म्हणजे आरंभानंतर ४७ वर्षांनीं, १२५९ पोथ्यांच्या आधारें ती आवृत्ति १९ खंडांत पूर्ण झाली.

आजच्या करारांहून ही गोष्ट एका बाबतींत अगदीं उलटी आहे. येथें सहकार्य आधीं ठरून मग त्यासाठीं काम शोधलें गेलें नाहीं. काम आधीं ठरलें. तें एकट्यानें होत नव्हतें, म्हणून तंजावर, शांतिनिकेतन, लाहोर, डाक्का आणि येल यांची गरज पडली. आमच्या महाविद्यालयांना एकमेकांची गरज पडेल असें कोणतेंहि काम आज त्यांच्यापुढें नाहीं. आहे ती फक्त एकमेकांच्या सहीची गरज.

कोणी म्हणेल, ती पंडितांच्या सुवर्णयुगाची गोष्ट झाली. तर मग जवळचा काळ घ्या. १९८८ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें पुणें विद्यापीठाच्या आवारांत खगोलशास्त्राचें आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन केलें. त्याला आपण 'आयुका' म्हणतों. जयंत नारळीकर हे त्याचे पहिले संचालक. २०२५ सालीं ते निवर्तले. या केंद्रामागील विचार साधा होता. खगोलशास्त्राचें ग्रंथालय, संगणक आणि दुर्बिण प्रत्येक विद्यापीठास परवडणार नाहीं, तेव्हां एके ठिकाणीं तें सर्व उत्तम प्रतीचें उभारावें आणि देशांतील कोणत्याहि महाविद्यालयाच्या अध्यापकास तें आपलें वाटावें. आडगांवच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारा अध्यापक येथें सहयोगी म्हणून निवडला गेला कीं सुटींत यावा, त्याच्या प्रवासाची व राहण्याची सोय व्हावी, त्यानें संशोधन करावें आणि परत जाऊन अधिक चांगलें शिकवावें, अशी ही योजना. जुन्नर भागांत गिरवली येथें २ मीटर व्यासाची दुर्बिण आहे, तीहि केवळ केंद्रांतील लोकांसाठीं नाहीं. दुसऱ्या संस्थांचें भलें करणें हेंच जिचें मुख्य काम अशी संस्था चालूं शकते, एवढें तरी यावरून सिद्ध झालें. मग इतिहासासाठीं, भाषांसाठीं, अर्थशास्त्रासाठीं महाराष्ट्रांतील महाविद्यालयांना असें घर कां मिळालें नाहीं? १९४९ मध्यें पुणें विद्यापीठ सुरू झालें तेव्हां डेक्कन कॉलेज, भांडारकर मंदिर आणि १९३० पासून चाललेली गोखले अर्थशास्त्रसंस्था अशीं तीन तयार घरें त्याच्या दाराशीं उभीं होतीं.

कां नाहीं, याचें उत्तर मनुष्यस्वभावांत शोधूं नये. तें वेतनाच्या हिशेबांत आहे. अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकाचें पद कार्यभारावर टिकतें आणि कार्यभार विद्यार्थ्यांच्या पटावर. आपले चार विद्यार्थी शेजारच्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकूं लागले कीं आपला तत्त्वज्ञानाचा कार्यभार संपला. आज ना उद्यां तें पद गेलें. म्हणून प्राचार्य त्या मुलीला नियम दाखवितो. तो दुष्ट नसतो. आपल्या सहकाऱ्याची भाकरी राखीत असतो. ज्या व्यवस्थेंत विद्यार्थी वांटून घेतला कीं अध्यापकाचें पोट जातें, त्या व्यवस्थेंत सहकार्याचीं परिपत्रकें काढणें म्हणजे दोन भावांना एकाच ताटावर बसवून, जो कमी खाईल त्याला बक्षीस देऊं म्हणून सांगण्यासारखें आहे. संस्कृत, तत्त्वज्ञान, भूगोल, अर्धमागधी असे विषय एका शहरांत पांच ठिकाणीं पांच-पांच विद्यार्थ्यांनिशीं कुढत कुढत मरतात तें यामुळें. पंचवीस विद्यार्थी आणि दोन चांगले अध्यापक एका छपराखालीं आले असते तर तेथें एक जिवंत विभाग झाला असता.

अलीकडील योजनांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें संलग्नतेची पद्धति १५ वर्षांत क्रमाक्रमानें मोडण्याचें ठरविलें आणि महाविद्यालयांनीं समूह करावे असें सुचविलें. समूह-विद्यापीठें महाराष्ट्रांत त्याच्या आधींपासूनच निघूं लागलीं होतीं: मुंबईस २०१९ मध्यें डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ, २०२० मध्यें एच्.एस्.एन्.सी. विद्यापीठ, आणि साताऱ्यास २०२१ मध्यें कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ. त्यांच्या कामाविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु हीं कोणाचीं बनलीं हें पाहा. पहिल्यांत शासकीय महाविद्यालयें एकत्र आलीं, दुसऱ्यांत एकाच मंडळाचीं, तिसऱ्यांत रयत शिक्षण संस्थेचीं. एका घरांतील भावांनीं एकत्र जेवावें यांत आनंद आहे. मात्र त्याला गांवजेवण म्हणूं नये. निरनिराळ्या मालकीचीं, निरनिराळ्या जातिपरंपरेचीं, निवडणुकींत एकमेकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्यांचीं दोन महाविद्यालयें एकत्र आलीं, असें उदाहरण आम्हांस हवें आहे.

२०२१ मध्यें श्रेयांकांची पेढी निघाली. एका संस्थेंत मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेंत जमा व्हावे ही तिची कल्पना उत्तम आहे. पण पेढी असून उपयोग काय, जर दोन महाविद्यालयांचीं वेळापत्रकें एकमेकांवर आदळत असतील आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्गांत घेण्यास कोणी बांधलेला नसेल? तसेंच १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये देऊन ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारनें एकदमच सर्वांसाठीं घेतलीं. हें खरें सहकार्य. याबद्दल सरकारचें अभिनंदन मोकळ्या मनानें केलें पाहिजे. फक्त तिचा लाभ शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांना आहे. महाराष्ट्रांत उच्च शिक्षणाचा गाडा ओढतात तीं खाजगी व्यवस्थापनाचीं अनुदानित महाविद्यालयें. ज्याच्या घरीं आधींच विहीर आहे त्याच्याकडे नळ गेला, आणि वाडी तशीच राहिली.

आमच्यावर एक आक्षेप हमखास येईल. 'तुम्ही पांच-दहा पंडितांच्या गोष्टी सांगतां. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांत ४२,८२५ महाविद्यालयें आहेत, एकट्या महाराष्ट्रांत ४,६९२. उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४.३३ कोटि. एवढ्या पसाऱ्यांत मोजमाप नको म्हणतां, तर चांगलें-वाईट ओळखावयाचें कसें?' आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही मोजमाप नको म्हणतहि नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मोजावयाचें तर विद्यार्थ्याच्या बाजूनें मोजा. त्याला किती तास प्रत्यक्ष शिकविलें गेलें? शिकविणारा कायम होता कीं तासिकेवर? ग्रंथालयांतून त्यानें किती पुस्तकें घरीं नेलीं? प्रयोग त्यानें स्वतः केला कीं शेजाऱ्याच्या वहींतून उतरविला? हे प्रश्न विचारावयास १००० गुणांचा डोलारा लागत नाहीं. शिवाय महाविद्यालयें एवढीं आहेत, हें सहकार्याच्या विरुद्ध कारण नाहीं, तें सहकार्याचें कारण आहे. ४,६९२ ठिकाणीं ४,६९२ उत्तम ग्रंथालयें कधींच होणार नाहींत. तालुक्याला एक होऊं शकेल, तेंहि सर्वांचें असेल तर.

म्हणून मागणी एकच आणि ती रोखठोक. एका शहरांतील किंवा एका तालुक्यांतील महाविद्यालयांचा एकेका विषयाचा कार्यभार शासनानें एकत्र मोजावा आणि पदें त्या एकत्रित कार्यभारावर मंजूर करावीं. मग विद्यार्थी कोणत्याहि इमारतींत बसला तरी कोणाची भाकरी जाणार नाहीं. त्याबरोबर एका महाविद्यालयाचें ग्रंथालयपत्र त्या सर्वांत चालावें. याला नवीन इमारत लागत नाहीं, नवीन परिषद लागत नाहीं. कार्यभाराचे नियम बदलावे लागतील. ते मनुष्यांनींच केलेले आहेत. आणि करारांच्या संख्येवर मिळणारे गुण परिषदेनें काढून टाकावे. तेवढ्यानें कित्येक अध्यापकांच्या संध्याकाळी मोकळ्या होतील.

संस्थाचालक हें आपण होऊन मागणार नाहींत, कारण पटावरील विद्यार्थी ही त्यांची सत्ता आहे. मागणी पालकांकडून यावयास हवी, आणि तिची वेळ जूनमध्यें येते. प्रवेशाच्या रांगेंत उभें राहून आपण श्रेणी कोणती हें विचारतों, शुल्क किती हें विचारतों. या खेपेस आणखी एक विचारावें: माझ्या मुलीला शेजारच्या महाविद्यालयांतील तासाला बसतां येईल काय, तेथील पुस्तक घरीं आणतां येईल काय? खिडकीमागच्या कारकुनाला उत्तर ठाऊक नसेल. तो आंत जाऊन विचारील. आंत ज्याला विचारील त्यालाहि ठाऊक नसेल. पण दहा पालकांनीं हाच प्रश्न विचारला तर अकराव्याच्या वेळेपर्यंत कांहीं तरी उत्तर तयार ठेवणें त्यांना भाग पडेल.